किड्याचे चित्र दर वेळी एका बाजूला कलते? हाताला दोष देण्याआधी नमुना आणि मायक्रोस्कोप तपासा

भुंगेऱ्याचे वरून दिसणारे चित्र तयार आहे. बाह्यरेषा नीट आली आहे, पाय जागच्या जागी आहेत, लांबी-रुंदी वहीतल्या मापांशी जुळते. तरीही चित्र खटकते. बारकाईने पाहिल्यावर लक्षात येते की पाठीवरची मध्यरेषा किंचित उजवीकडे सरकली आहे, त्यामुळे डावा पंख रुंद आणि उजवा अरुंद झाला आहे. पुसून पुन्हा काढले तरी तेच. दुसरा नमुना घेतला, तरी थोड्याफार फरकाने तेच.

कीटक, कोळी, खेकडे, गोमी अशा संधिपाद प्राण्यांची शास्त्रीय चित्रे काढणाऱ्यांना हा दोष पुन्हा पुन्हा भेटतो. बहुतेक जण त्याचा उपाय हातात शोधतात. सराव वाढवतात, पेन बदलतात, शेवटी अर्धे चित्र काढून त्याचे प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला जोडून मोकळे होतात. माझे मत ठाम आहे: चित्र दर वेळी एकाच प्रकारे कलत असेल तर हात बहुधा निर्दोष असतो. हात जे दिसते तेच इमानाने उतरवत असतो. दिसणेच तिरके असते. म्हणून आधी दोष कुठे शिरतो ते शोधावे आणि मगच खोडरबर उचलावे.

मध्यरेषाच आधी का सरकते

गोल पेन्सिल टेबलावर आडवी ठेवा. तिच्यावर छापलेली अक्षरे बरोबर मधोमध येऊ द्या आणि मग पेन्सिल किंचित गडगडू द्या. रुंदी तेवढीच राहते, लांबीही तेवढीच राहते. अक्षरे मात्र एका काठाकडे सरकतात. फुगीर पाठीचा किडा कुशीवर थोडा कलला की त्याच्या मध्यरेषेचे नेमके हेच होते.

यामागचे गणित सोपे आहे आणि चित्रकाराने ते डोक्यात ठेवावेच. तिरकेपणामुळे लांबी घटते ती कोनाच्या कोसाइनने, आणि कोसाइन सुरुवातीला फार हळू घटतो. एखादी गोष्ट १० अंश कलली तर तिची लांबी जेमतेम दीड टक्क्याने कमी दिसते. पेन्सिलच्या रेषेच्या जाडीतच हा फरक बुडून जातो. मध्यरेषा मात्र सरकते साइनने, आणि साइन पहिल्या अंशापासून झपाट्याने वाढतो. पाठ साधारण अर्धवर्तुळाकार धरली तर ५ अंशांच्या कलण्याने मध्यरेषा अर्ध्या रुंदीच्या सुमारे ९ टक्के बाजूला जाते, आणि १० अंशांनी सुमारे १७ टक्के. म्हणजे १० अंशांवर एक बाजू दुसरीच्या जवळपास १.४ पट रुंद दिसते. मापपट्टीने लांबी-रुंदी तपासून ‘सगळे बरोबर आहे’ असे समाधान होते आणि चित्र तरी वाकडे राहते, त्याचे कारण हे आहे. लांबी आणि एकूण रुंदी ही मापे या दोषाची साक्ष देतच नाहीत.

सरकणे किती होणार हे पाठीच्या उंचीवर ठरते. मध्यरेषा कडांपेक्षा जितकी उंच, तितकी ती जास्त सरकते. म्हणून चपट्या ढेकणाचे चित्र सहज जमते आणि घुमटासारख्या लेडीबर्ड भुंगेऱ्याचे बिघडते. एकाच हाताने, एकाच टेबलावर काढलेल्या दोन चित्रांत एवढा फरक पडला की माणूस गोंधळतो. गोंधळण्याचे कारण नाही. दोन्ही नमुने सारखेच कललेले असू शकतात, फरक फक्त उंचीचा असतो.

पहिली तपासणी: नमुना १८० अंशांत फिरवा

ही तपासणी फार वेळ खात नाही आणि निम्मा शोध तिथेच संपतो. नमुना आहे तसा ठेवून बाह्यरेषा, मध्यरेषा आणि दोन-तीन खुणांची झटपट रूपरेषा काढा. मग मायक्रोस्कोप, कागद, दिवा काहीही न हलवता नमुना त्याच्या तळासह अर्धा फेरा फिरवा, म्हणजे डोके जिथे होते तिथे शेपटाकडची बाजू येईल. तीच रूपरेषा पुन्हा काढा. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा.

दोन्ही चित्रांत किड्याचीच डावी बाजू रुंद आली असेल, तर कल नमुन्यात आहे. तो टाचणीवर किंवा बशीत कुशीवर झोपला आहे आणि फिरवताना आपला कल सोबत घेऊन फिरला.

पहिल्या चित्रात किड्याची डावी बाजू रुंद आणि दुसऱ्यात उजवी, म्हणजे कागदाच्या हिशेबाने सरकणे एकाच दिशेला राहिले असेल, तर नमुना सरळ आहे. दोष बघण्याच्या वाटेत आहे: मायक्रोस्कोपच्या प्रकाशमार्गात, आरशात, मायक्रोस्कोपच्या तळात किंवा कागदाच्या पातळीत.

कधी इकडे, कधी तिकडे, काही नेमच नाही असे झाले तर काम चालू असताना काहीतरी हलते आहे. अल्कोहोलमधला नमुना दिव्याच्या उष्णतेने तयार होणाऱ्या प्रवाहांत हळूहळू वळतो, आणि अल्कोहोल उडून पातळी खाली गेली की पायही जागा सोडतात. कागद चिकटपट्टीने न बसवता नुसता ठेवलेला असतो. किंवा जुन्या पद्धतीचा प्रिझमचा कॅमेरा ल्युसिडा (नमुन्याची प्रतिमा कागदावर पडल्यासारखी दाखवणारे साधन) वापरताना डोळा जागचा हलतो. विल्यम वॉलस्टन यांनी १८०६ मध्ये ज्याचे पेटंट घेतले त्या मूळ साधनात तर डोळ्याची जागा थोडी जरी बदलली तरी प्रतिमा कागदावर सरकते. अशा वेळी चित्राच्या बाहेर चार नोंदखुणा कराव्यात, नमुन्यावरचे चार ठळक बिंदू त्यांच्याशी जुळवावेत, आणि दर काही मिनिटांनी ते अजून जुळतात का ते पाहावे. जुळत नसतील तर पुढे एकही रेघ ओढू नये.

एक शक्यता उरते. दोन्ही दोष एकाच वेळी असतात आणि एका दिशेला ते एकमेकांना खाऊन टाकतात. पहिले चित्र अगदी सरळ आणि दुसरे भलतेच वाकडे आले, तर हे घडले आहे असे समजा. म्हणून सरळ आलेल्या पहिल्या चित्रावर खूश होऊन ही तपासणी टाळू नये.

दोष नमुन्यात असेल तर

नमुना समपातळीत आणण्यासाठी डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नका, फोकसवर विसंबा. मायक्रोस्कोपचे वर्धन जितके जास्त तितकी स्पष्ट दिसणारी खोली कमी, आणि इथे हीच मर्यादा आपल्या कामाची आहे. सममित असलेल्या दोन खुणा निवडा. भुंगेऱ्यात प्रोनोटमचे (डोक्यामागच्या कठीण पाटीचे) मागचे दोन कोपरे किंवा कठीण पंखांचे दोन खांदे, कोळ्यात शिरोवक्षाच्या (डोके आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागाच्या) दोन्ही कडांवरचे समोरासमोरचे बिंदू, माशीत दोन्ही पंखांची मुळे. वर्धन वाढवून फोकस एका खुणेवर आणा आणि चाक न हलवता दुसरीकडे पाहा. ती धूसर असेल तर नमुना कुशीवर कललेला आहे. दोन्ही एकदमच स्पष्ट होतील इतका तो हलवा. मग हेच पुढच्या-मागच्या खुणांसाठी करा. त्यानंतर वर्धन कमी करून चित्राला लागा. ज्या वर्धनावर चित्र काढायचे त्याच वर्धनावर पातळी साधण्याचा प्रयत्न केला की सगळेच स्पष्ट दिसते आणि कल सापडत नाही.

मुंग्यांचे काम करणाऱ्यांनी हीच गोष्ट नियम म्हणून स्वीकारली आहे. डोक्याचे समोरून चित्र काढताना क्लायपिअसची (तोंडावरच्या पाटीची) पुढची कड आणि डोक्याची मागची कड एकाच फोकसमध्ये असली पाहिजे. डोके थोडे पुढे-मागे झुकले की त्याची लांबी-रुंदीची गुणोत्तरे बदलतात, आणि प्रजाती ओळखताना तीच गुणोत्तरे वापरली जातात.

टाचणीवरचा नमुना धरायला प्लॅस्टिसिनचा गोळा पुरतो. टाचणी त्यात खोचली की हव्या त्या कोनात वळवता येते. उखळीच्या सांध्यासारखा फिरणारा छोटा तळ मिळाला तर आणखी सोयीचे. अल्कोहोलमधल्या नमुन्यासाठी बशीत धुतलेली बारीक वाळू किंवा काचेचे बारीक मणी पसरून त्यात खळगा करावा. नाजूक भागांसाठी, विशेषतः कोळ्याच्या नराचा पेडिपाल्प (तोंडाजवळचे पायासारखे उपांग) किंवा कीटकांची जननांगे, अल्कोहोलवर आधारलेले हात निर्जंतुक करण्याचे पारदर्शक जेल फार छान चालते. त्यात भाग हव्या त्या कोनात अडकून राहतो आणि काम झाले की धुऊन निघतो. जेलमध्ये बुडबुडे राहू देऊ नयेत. बुडबुड्याच्या कडेने गेलेली रेषा वाकते. बशीच्या काठाजवळही काम करू नये, कारण तिथे द्रवाचा पृष्ठभाग वक्र असतो.

आता खरी अडचण. किड्याचे सगळे शरीर एकाच वेळी समपातळीत येतेच असे नाही. कोळ्याचे शिरोवक्ष आणि उदर बारीक कमरेने जोडलेले असते, त्यामुळे उदर स्वतंत्रपणे कुशीवर वळते. वाळलेल्या गांधीलमाशीचे उदर पिळलेले असते. नाकतोड्याचे डोके खाली वळलेले असते. अशा वेळी एका कोनातून सगळे उतरवण्याचा हट्ट सोडावा. शिरोवक्ष समपातळीत आणून ते काढा, मग नमुना हलवून उदर समपातळीत आणा आणि ते वेगळ्या कागदावर त्याच वर्धनावर काढा. नंतर ट्रेसिंग पेपरवर दोन्ही भाग मध्यरेषेने जुळवा. सांध्याची रुंदी दोन्ही चित्रांत एकच आली पाहिजे. ती आली तर जोड बरोबर बसला. शास्त्रीय चित्र म्हणजे एका क्षणाचा फोटो नव्हे, प्रत्येक भाग त्याच्या योग्य कोनातून पाहून केलेली ती मांडणी असते. त्यामुळे असे भाग जोडण्यात खोटेपणा नाही. मात्र अशी जोडणी केली हे टिपणात लिहून ठेवावे.

वाळून कडक झालेला नमुना ओल्या हवेच्या बंद डब्यात ठेवून मऊ करता येतो. डब्यात बुरशी लागू नये म्हणून काळजी घ्यावी लागते. पण ज्यावरून प्रजातीचे मूळ वर्णन झाले असा प्रकारनमुना हातात असेल तर संग्रहाच्या जबाबदार व्यक्तीला विचारल्याशिवाय त्याला मऊही करू नये आणि वळवूही नये. तिथे चित्र थोडे गैरसोयीच्या कोनातून काढणे पत्करावे.

स्लाइडवर बसवलेल्या नमुन्याची गोष्ट वेगळी. कव्हरस्लिपच्या (वरच्या पातळ काचेच्या) दाबाने गोलसर भाग एका कुशीवर लोळतो आणि माध्यम घट्ट झाल्यावर तो सरळ करता येत नाही. इथे उपाय एकच, दुसरी स्लाइड. नवी करताना कव्हरस्लिपखाली काचेचे बारीक तुकडे आधार म्हणून ठेवावेत.

दोष बघण्याच्या वाटेत असेल तर

हे कारण सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून यावर थोडा जास्त वेळ घालवतो.

स्टिरिओ मायक्रोस्कोपमध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळ्या कोनांतून दृश्य मिळते. त्यामुळेच तर खोली जाणवते. या दोन मार्गांमधला कोन साधारण १० ते १२ अंशांचा असतो, म्हणजे प्रत्येक मार्ग उभ्या रेषेपासून ५-६ अंश तिरका. दोन्ही डोळ्यांनी पाहताना मेंदू दोन्ही दृश्ये एकत्र करतो आणि किडा अगदी सरळ दिसतो. पण ड्रॉइंग ट्यूब, म्हणजे नमुना आणि कागद एकावर एक दाखवणारी मायक्रोस्कोपला जोडायची नळी, एकाच मार्गावर बसवलेली असते. कॅमेराही बहुतेक वेळा एकाच मार्गातून पाहतो. म्हणजे कागदावर किंवा पडद्यावर उतरते ते ५-६ अंश तिरके दृश्य. वरचा हिशेब इथे लावला तर घुमटासारख्या पाठीची मध्यरेषा अर्ध्या रुंदीच्या सुमारे १० टक्के सरकणार, आणि ती दर वेळी त्याच दिशेला सरकणार. दोन्ही डोळ्यांनी सरळ दिसणारा नमुना कागदावर नेहमी एकीकडे झुकतो याचे उत्तर इथे मिळते. कितीही सराव केला तरी हे जाणार नाही.

उपाय साधा आहे. नमुन्याची पातळी दोन्ही डोळ्यांनी साधू नका. ज्या मार्गावर ड्रॉइंग ट्यूब किंवा कॅमेरा आहे त्याच बाजूच्या आयपीसमधून (डोळ्याकडच्या भिंगातून), दुसरा डोळा मिटून, पाहा. त्या एका डोळ्याला मध्यरेषा बरोबर मधोमध दिसेल आणि डाव्या-उजव्या कडा सारख्याच उतरत्या दिसतील इतका नमुना कलवा. मग दोन्ही डोळे उघडल्यावर नमुना किंचित वाकडा वाटेल. वाटू द्या. चित्र सरळ येईल.

इथे मघाच्या फोकसच्या युक्तीला एक पुरवणी जोडावी लागते. काही स्टिरिओ मायक्रोस्कोपमध्ये दोन्ही मार्गांना मिळून एकच मोठे ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडचे भिंग) असते. त्यात स्पष्ट दिसण्याची पातळी आडवीच राहते, दृश्य तेवढे तिरके असते. त्यामुळे फोकसने नमुना अगदी समपातळीत आला तरी चित्र कललेलेच येते. अशा यंत्रांत काहींना ऑब्जेक्टिव्ह बाजूला सरकवण्याची सोय असते. ते सरकवले की एक मार्ग अगदी उभा होतो. तुमच्या यंत्रात ही सोय आहे का ते जरूर पाहा. असेल तर बराचसा त्रास एका झटक्यात संपतो. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात दोन मार्गांना दोन स्वतंत्र, एकमेकांकडे झुकलेली ऑब्जेक्टिव्ह असतात. त्यात स्पष्टतेची पातळीच तिरकी असते. पटलावर (नमुना ठेवायच्या जागेवर) सपाट मोजपट्टी आडवी ठेवून वर्धन वाढवले आणि एका डोळ्याने पाहिले, तर तिचे एक टोक स्पष्ट आणि दुसरे धूसर दिसते. यावरून तुमचे यंत्र कोणत्या प्रकारचे आहे ते कळते. या प्रकारात फोकसची तपासणीही त्याच एका डोळ्याने केली की दोन्ही गोष्टी एकदम साधतात.

उभ्या नळीच्या कंपाउंड मायक्रोस्कोपमध्ये एकच ऑब्जेक्टिव्ह असते आणि दोन्ही आयपीसना तेच दृश्य मिळते, त्यामुळे तिथे हा तिरकेपणा नसतो. छोट्या भागांची चित्रे सरळ येतात आणि पूर्ण किड्याचे तेवढे कलते, असा अनुभव असेल तर संशय स्टिरिओवरच घ्यावा.

मार्ग बरोबर असूनही चित्र ताणलेले येत असेल तर कागद आणि आरसा तपासा. ड्रॉइंग ट्यूबमधून आलेली प्रतिमा ज्या पृष्ठभागावर पडते तो तिच्याशी काटकोनात नसेल तर चित्र एका दिशेने लांबते. पटलावर आलेखाच्या कागदाचा छोटा चौकोन ठेवा, ट्यूबमधून त्याची रेखाकृती काढा, आणि काढलेल्या चौकोनाच्या चारही बाजू मोजा. चौकोनाचा आयत झाला असेल किंवा समोरासमोरच्या दोन बाजूंची लांबी वेगळी असेल, तर टेबलाखाली किंवा मायक्रोस्कोपच्या तळाखाली पाचर देऊन ते दुरुस्त करा. सुटा आरसा असलेल्या जुन्या साधनांत आरशाचा कोन ४५ अंशांवरून ढळलेला असण्याची शक्यता जास्त. चौकोन मध्यभागी बरोबर आणि कडेला वाकलेला आला तर ते भिंगाचे वैगुण्य आहे. नमुना दृश्याच्या मधल्या भागातच ठेवावा, कडेपर्यंत भरू नये.

फोटोवरून रेखाटत असाल तर

फोटो म्हणजे अचूक, ही समजूत इथे घातक ठरते. जवळून घेतलेल्या फोटोत भिंगाजवळचे भाग मोठे आणि दूरचे लहान येतात. भिंगाचे दृष्टिकेंद्र किड्याच्या पाठीपासून १०० मिमीवर असेल आणि पाय पाठीच्या १० मिमी खाली असतील, तर पाय पाठीच्या तुलनेत सुमारे ९ टक्के लहान छापले जातात. जास्त लांबीचे भिंग घेऊन दूरून फोटो काढला की हा फरक घटतो. मोबाइलच्या रुंद भिंगाने अगदी जवळून घेतलेला फोटो प्रमाणबद्ध चित्रासाठी मी वापरणार नाही, फक्त रंग आणि पोत यांच्या आठवणीसाठी ठेवेन.

अनेक फोकसचे फोटो एकत्र जोडताना सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोचा आकार थोडा बदलून ते जुळवते. त्यामुळे मोजपट्टीचा फोटो घ्यायचा तो ज्या भागाचे माप हवे त्या भागाच्या उंचीवर पट्टी ठेवूनच.

पाय आणि शृंगिका

इथे मध्यरेषेचा प्रश्न नसतो, आखूड दिसण्याचा असतो. खाली उतरत गेलेला फीमर (मांडीचा खंड) ३० अंश तिरका असेल तर १३ टक्के आखूड दिसतो, ४५ अंशांवर २९ टक्के, आणि ६० अंशांवर निम्माच. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आला तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

प्रत्येक खंड स्वतंत्रपणे आडवा करून मोजणे उत्तम. ते शक्य नसेल तर फोकसच्या चाकावरच्या खुणा वापरा. खंडाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर फोकस नेताना किती उंची बदलली ते पाहा. वरून दिसणारी लांबी १.२ मिमी आणि उंचीतला फरक ०.५ मिमी असेल, तर खरी लांबी १.३ मिमी: दोन्हींचे वर्ग मिळवा आणि वर्गमूळ घ्या. नमुना द्रवात बुडालेला असेल तर आधी उंचीतल्या फरकाला द्रवाच्या अपवर्तनांकाने गुणावे लागते, कारण द्रवात खोली कमी भासते. लांबी मोजायला सुरुवात करण्याआधी खंड किती आहेत ते मोजून घ्यावे. कोळ्याच्या पायात ७ खंड असतात, आणि त्यातला छोटा पटेला (गुडघ्याचा खंड) तिरक्या दृश्यात शेजारच्या खंडात सहज मिसळून जातो.

खऱ्या लांबीने काढलेले पाय मोकळे पसरून मांडले की चित्र ‘नैसर्गिक’ दिसत नाही अशी तक्रार येते. ओळख पटवण्यासाठी काढलेल्या चित्रात नैसर्गिक ठेवणीपेक्षा खरी लांबी महत्त्वाची, असे माझे मत आहे. जिवंत प्राण्याची ठेवण दाखवायची असेल तर ते वेगळे चित्र करावे.

प्रतिबिंब जोडण्याचा मोह

अर्धे काढून उलटवण्याची वाट फार सोपी आहे, संगणकावर तर आणखीच. पण कललेल्या नमुन्याचा अर्धा भाग उलटवला की दोष नाहीसा होत नाही, तो लपतो. १० अंश कललेल्या किड्याची रुंद बाजू घेऊन प्रतिबिंब जोडले तर पूर्ण किडा सुमारे १७ टक्के जाड होतो, आणि अरुंद बाजू घेतली तर तितकाच बारीक. आधी निदान मध्यरेषेवरून चूक ओळखता येत होती, आता तीही खूण गेली.

शिवाय निसर्गात सगळेच सममित नसते. फुलकिड्यांत फक्त डावा जबडा विकसित झालेला असतो. नाकतोड्यांचे डावे-उजवे जबडे सारखे नसतात. रातकिड्यांत उजवा पुढचा पंख डाव्यावर असतो, तर त्यांच्याच नात्यातल्या कॅटिडिडमध्ये डावा उजव्यावर. नर ढेकणाच्या उदराचे टोक एका बाजूला वळलेले असते. फिडलर खेकड्याच्या नराची एक नांगी अवाढव्य असते. उलटवलेल्या चित्रात यातले प्रत्येक वैशिष्ट्य पुसले जाते किंवा दुप्पट होते, आणि त्या चित्रावरून प्रजाती ओळखू पाहणारा फसतो.

केसांच्या मांडणीबाबतही हेच. माश्यांत विशिष्ट जागचे राठ केस ओळखीसाठी मोजले जातात. एका बाजूचा केस तुटला असेल तर त्याचा खळगा शिल्लक असतो. खळगा काढा, दुसऱ्या बाजूचा केस आणून तिथे लावू नका.

उलटवणे मान्य असलेली एक जागा मात्र आहे. कोळ्यांच्या नराचा डावा पेडिपाल्प काढण्याची प्रथा आहे. डावा हरवला असेल तर उजवा काढून उलटवतात आणि तसे स्पष्ट लिहितात. एका बाजूचा पाय पुन्हा उगवलेला, म्हणून आखूड असेल, कोळ्यांत आणि खेकड्यांत असे होते, तर दुसऱ्या बाजूचा पाय प्रमाण मानून काढायलाही हरकत नाही. पण तेही लिहूनच.

शाई लावण्याआधी

पेन्सिलची रूपरेषा ट्रेसिंग पेपरवर असतानाच कागद पालथा करून उजेडावर धरा. डोळ्याला सवय झालेला वाकडेपणा उलट्या बाजूने चटकन दिसतो. मग दुभाजक घेऊन मध्यरेषेपासून डाव्या आणि उजव्या कडेपर्यंतचे अंतर तीन ठिकाणी मोजा: प्रोनोटमच्या मागच्या कडेला, शरीराच्या सर्वांत रुंद जागी, आणि उदराच्या टोकाजवळ. तिन्ही ठिकाणी एकच बाजू त्याच प्रमाणात रुंद असेल तर अख्खा नमुना कललेला होता. फक्त एकाच ठिकाणी असेल तर तो भाग पिळलेला आहे. मापे कधी ही बाजू, कधी ती बाजू अशी येत असतील, तर आता खुशाल हातावर संशय घ्या.

ही तपासणी छटेसाठी ठिपके घालण्याआधीच करावी. प्रकाश वरून डावीकडून येतो असे धरून छटा दिल्या की उजवी बाजू गडद होते, आणि मग दोन्ही बाजूंच्या रुंदीची तुलना नुसत्या डोळ्याने भरवशाची राहत नाही.

शाई लावून झालेले जुने चित्र कललेले निघाले, तर ते संगणकावर ताणून सरळ करू नका. ताणल्याने मध्यरेषा जागेवर येईल, पण नमुन्याची जी बाजू पलीकडे वळून दिसेनाशी झाली होती तिच्यावरचे खळगे, केस आणि ठिपके त्या चित्रात मुळात आलेलेच नाहीत. बाह्यरेषा ठेवता येते, कारण कलण्याने तिच्यात फारसा फरक पडलेला नसतो. नमुना पुन्हा बसवून मधली रचना तेवढी ट्रेसिंगवर नव्याने काढावी. नमुना परत गेला असेल आणि चित्र वापरावेच लागणार असेल, तर चित्राखाली ‘किंचित डावीकडून पाहिलेले’ असे, ज्या बाजूने असेल ती बाजू नमूद करून, लिहावे.